खिडकीतला स्वीडिश माणूस

आर्ट फिल्मचं कौतुक मला सांगूच नका यार, आमच्या आईने एका स्वीडिश सिनेमाचा पार निकाल लावला होता! दोन हजार चार साल असेल. मी अमेरिकेत नोव्हायला होतो आणि आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. माझा रूममेट निखिल म्हणजे सिनेमातला महापंडित. एका शनिवारी तो लायब्ररीतून डीव्हीडी घेऊन आला. म्हणे, "काकू, खास तुमच्यासाठी कॉमेडी आणलीय. माणसाच्या अस्तित्वावर आहे."

कसली डोंबलाची कॉमेडी! टीव्हीवर एक माणूस खिडकीत उभा आणि समोर रिकामा रस्ता. तो रस्त्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे बघतोय. आई मेथी निवडत बसली होती. जुडी संपत आली तरी हा बाबा तिथंच.

निखिल एकटाच खो खो हसत होता. "काकू, गंमत कळली ना? आयुष्यात काही घडतच नाही, तरी हा रोज वाट बघत उभा राहतो. टोटल ॲब्सर्ड!"

"घडेल रे," आई मान वर न करता म्हणाली. "आता पोस्टाची गाडी येईल."

आणि आली की हो! पिवळी गाडी आली, थांबली, निघून गेली. माणूस आपला परत खिडकीत.

निखिलने घाईघाईने पॉज केलं. "काकू, तुम्ही हा सिनेमा आधी पाहिलाय?"

"मग! तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की रोज दुपारी आपल्या या खिडकीत हाच तर चालू असतो," आई म्हणाली. "आमचा पोस्टवाला निदान हात तरी करतो."