मासे आहेत तोवर

सून — तुम्ही त्याला आधीच विचारलं होतंत ना?

सासू — आधी चपला काढ. आणि ती मिठाची पिशवी जमिनीवर ठेवू नकोस, मीठ ओल धरतं.

सून — आई, मी काहीतरी विचारतेय.

सासू — कुणाला काय विचारलं मी?

सून — शोभेच्या माशांच्या दुकानदाराला. आज गल्ल्यावर त्याचा मुलगा नव्हता, म्हातारा स्वतः बसला होता. टाकीसाठी मीठ द्या म्हटलं, तर म्हणाला, तुम्ही त्या आजींच्या सूनबाई का? आजी एकदा आल्या होत्या, क्लाउनफिश घरात किती वर्षं जगतात ते विचारायला.

सासू — मग? मासे पाळायचे तर विचारायला नको?

सून — कधी विचारलंत?

सासू — आता मला काय आठवतंय.

सून — त्याला आठवतंय. म्हणाला, मुलगा गेल्याचं सांगताना दुकानातच रडल्या, मीच पाणी आणून दिलं. आणि डोळे पुसून तुम्ही हे विचारलंत. तो म्हणाला, लोक हेळसांड करतात म्हणून तीन-चार वर्षांत मरतात. नीट सांभाळले तर पंधरा, वीससुद्धा. समुद्रात त्यांना खाणारे असतात, टाकीत कोण खाणार?

सासू — खोटं नाही बोलला.

सून — आणि त्याच आठवड्यात तुम्ही माझा हात धरलात. "त्याचे मासे आहेत तोवर हे घर सोडू नकोस, एवढा शब्द दे." एवढा! मला वाटलं मासेच ते, फार तर दोन-तीन वर्षं. दिला शब्द.

सासू — मी काय तुझा गळा धरला होता?

सून — मी तेव्हा धड जेवतही नव्हते. कुणी म्हटलं असतं छतावरून उडी मार, तर कुठल्या बाजूने एवढंच विचारलं असतं.

सासू — आणि आज नऊ वर्षांनी डोळे उघडले. का उघडले तेही ठाऊक आहे मला. तुझ्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्याची बदली झालीय.

सून — हे कुणी सांगितलं?

सासू — तू बाल्कनीत जाऊन बोलतेस, पण माझी खिडकी उघडी असते. पाय गेले होते माझे, कान नाही.

सून — बरं झालं. म्हणजे त्याला शुक्रवारी उत्तर हवंय, तेही ऐकलं असेल. लग्न करून त्याच्याबरोबर जायचं की नाही.

सासू — तू काय म्हणालीस ते काही नीट ऐकू आलं नाही.

सून — मी म्हटलं, मी शब्द देऊन बसलेय. तर हसला. माशांसाठी? म्हणाला. मला काही समजावता येईना.

सासू — हसणारच. त्याच्या बापाचं काय जातंय.

सून — त्याला नावं ठेवू नका. त्याने नाही फसवलं मला. तुम्ही फसवलंत.

सासू — बरं, फसवलं. वीस वर्षं म्हणाला तेव्हा मी मनात हिशेब केला. वीस म्हणजे माझ्यानंतरसुद्धा मासे असतील. एकुलता एक गेला, आणि मला या घरात एकटीने मरायची भीती वाटत होती. झालं समाधान?

सून — मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते.

सासू — ठाऊक आहे.

सून — ठाऊक होतं, आणि तरी मागितलात शब्द.

सासू — तरी मागितला.

सून — रोज सकाळी तुम्ही ती काच पुसता. मला वाटायचं, मुलाची आठवण म्हणून पुसतात बिचाऱ्या. तुम्ही कुलूप नीट लागलंय का ते बघत होतात.

सासू — तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?

सून — नऊ वर्षं होतं की. म्हणून तर गप्प होते.

सासू — मग आता मी बोलते. दोन वर्षांपूर्वी माझं खुब्याचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्यात होते, तेव्हाच तू सुटली होतीस.

सून — म्हणजे?

सासू — मासे मेले तेव्हा.

(सुनेच्या हातातली पिशवी खाली सुटते.)

सासू — ओल धरेल म्हटलं ना.

सून — तुम्हाला कधी कळलं?

सासू — घरी आले त्याच दिवशी. जुनी मोठी मादी मला चावायची. काच पुसायला हात घातला की धावून यायची बोटावर, सात वर्षं चावली मेली. त्या दिवशी वॉकर धरत टाकीपाशी गेले, हात घातला, तर ही दगडामागे जाऊन लपली. म्हटलं, ही आपली नव्हे.

सून — दिवसभर वीज नव्हती, पंप बंद. मी तुमच्या उशाशी बसलेली. घरी आले तर दोन्ही मासे वर तरंगत होते.

सासू — आणि तू गुपचूप दुसरी जोडी आणलीस. त्याच अंगलटीची.

सून — किती दुकानं पालथी घातली. शेवटी एका माणसाने घरची टाकी मोडायला काढली होती, त्याची आणली.

सासू — का आणलीस? मासे मेले, शब्द संपला, मी चालले. तीन वाक्यांचं काम.

सून — तुम्हाला पाय उचलता येत नव्हता. अशा माणसाला कोण सांगेल?

सासू — मी चालायला लागले त्यालाही दीड वर्ष झालं.

सून — मग ओळखलंत तर तुम्ही का नाही बोललात?

सासू — बोलले असते तर तू गेली असतीस. मी मूग गिळून बसले. माझं कारण सांगून झालंय. आता तुझं सांग, आणि माझ्या पायाचं सांगू नकोस.

सून — कुठे जाणार होते मी? भावाच्या घरी वहिनीला माझा चहाचा कपही जड होतो. इथे निदान जेवायला कुणी थांबायचं.

सासू — ते तुझ्यासाठी नव्हतं. मला एकटीला घास उतरत नाही.

सून — मलाही नव्हता उतरत.

सासू — तर मग पहिली सात वर्षं माझ्या माथी मार, मी नाही म्हणणार नाही. पुढची दोन तू तुझ्या पायांनी राहिलीस.

सून — ती सात मी माफ करणार नाही.

सासू — मी मागितली का माफी?

सून — नाही. तुम्ही कधीच मागत नाही.

सासू — शुक्रवारपर्यंत त्या माणसाला कशाला टांगून ठेवतेस? आत्ता फोन कर.

सून — हाकलताय मला?

सासू — काय समजायचं ते समज. आणि बाल्कनीत जाऊ नकोस, इथेच बसून कर.

सून — माशांचं काय? मिठाच्या पाण्याची बादली तुम्हाला उचलवत नाही.

सासू — मासे तू आणलेस. तुझे तू घेऊन जा.

सून — आणि टाकी?

सासू — टाकीला हात लावायचा नाही. ती त्याची आहे.

सून — रिकाम्या टाकीचं काय करणार तुम्ही?

सासू — पुसेन.