दुहेरी रेघ

हॅलो?… हां, बोल. मीच निरोप ठेवला होता… नाही, ऑनलाइन वर्गात सगळ्यांदेखत नको, म्हणून.

जरा मोठ्यानं बोल की… कुजबुजतेस कशाला? शेजारी बसून कोणी उत्तरं सांगतंय का?… बरं, बरं. नाही तर नाही.

तुझी चित्रं समोर उघडून बसलेय. चौदा आलीत… हो, पंधरावं आज द्यायचंय, माहितेय मला. काय ठरलं होतं, सांग बघू?… बरोबर. साथीमुळे कॉलेज बंद, मॉडेल नाही, म्हणून घरातलं एक माणूस. रोज, समोर बघून. फोटोवरून नाही. मग हे काय आहे?

अगं, ऐक ना आधी! बाकीच्यांच्या आया भाजी निवडतायत, आजोबा पेपर वाचतायत, आणि तुझे बाबा आपले चौदा दिवस पालथे! माणूस कूस तरी बदलेल की नाही? चेहरा एकदासुद्धा नाही.

आणि डाव्या कडेला ही उभी काळी पट्टी? प्रत्येक कागदावर, तिथ्थंच. फोटोची कड ना ही?… दाराची? कसल्या दाराची?… हो, हो, असेल. आता असंच म्हणणार तू.

बरं, मग नवव्या दिवसापासून पाठीची रेघ दुहेरी का?… थांब, मीच सांगते. खाली फोटो, वर ट्रेसिंग पेपर. कागद सरकला की अश्शीच रेघ येते. वीस वर्षं शिकवतेय मी, माझ्या डोळ्यांत धूळ नको फेकूस. ही चित्रं नक्कल धरा, असं विभागप्रमुखांना कालच कळवलंय. नापास होशील, कळतंय का?

…काय?

…परत सांग. हलत होती? पाठ?… श्वासानं?

थांब, थांब. बाबांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह कधी आला?… आणि पालथं झोपायला डॉक्टरांनीच सांगितलं… आणि तू? बाहेर पॅसेजमध्ये. स्टुलावर. दार थोडंसंच उघडं… म्हणजे ती पट्टी…

अगं, मग बोलली का नाहीस इतके दिवस?… मी? मी कधी म्हटलं असं?… हो. म्हटलं होतं. पहिल्याच तासाला. 'घरच्या सबबी मला ऐकवायच्या नाहीत.' माझेच शब्द.

लाज वाटतेय गं मला… नाही, तू नको सॉरी म्हणूस. तू कशाला?

हे अकरावं… इथं तर तीन रेघा आहेत. फार धाप लागली होती त्या दिवशी?… हं… आणि तू काढत बसलीस?… हं… काढत होतीस तोवर पाठ हलताना दिसत होती… म्हणून उठलीच नाहीस. कळलं. कळलं गं बाळा.

ऐक, विभागप्रमुखांना मी आत्ता फोन करते. माझी चूक झाली म्हणून सांगते. स्पष्ट सांगते… ते माझ्यावर सोड तू.

आज कसे आहेत?… ताप उतरला? खरंच?… आत्ताच डोळा लागलाय… अच्छा, म्हणून कुजबुजतेस होय! आणि मी मेली काय काय संशय घेत बसले.

कोण हाक मारतंय?… जागे झाले? पाणी मागतायत?… काय सांगतेस! कुशीवर? दाराकडे तोंड करून?

अगं, मग माझ्याशी काय बोलत बसलीस! मास्क लाव, पाणी दे… आणि कागद घे… नाही गं, घाई नाही, पंधरावं कधीही पाठव… हो, हो, ठेव आता. ठेव म्हणते ना!