मोटेच्या कातड्याचा पाइप

विहिरी-विहिरींवर इंजिनं बसली आणि कातड्याच्या मोटा शिवणाऱ्या गुंडा नावाच्या कारागिराचं काम बुडालं. आता तसल्याच एका इंजिनाच्या डिझेलसाठी तो डबा घेऊन विट्याच्या पंपावर रांगेत उभा होता. पुढं दोन जीपवाले बोलत होते.

“हवेचा पाइप चिरलाय तुझा. जीप अशीच पळवलीस तर इंजान धूळ खाऊन मरंल.”

“ठावं हाय रं. पार सांगली पालथी घातली, नवा मिळंना. तू काय केलंस?”

“कुतुबुद्दीन मिस्त्रीनं कातड्याचा बसवला. मोटंच्या सोंडंचा, पानी वततं त्या नळीचा.”

“थट्टा करतोस व्हय?”

“आईशप्पत! कुण्या म्हाताऱ्यानं शिवलाय म्हनं. काय टाका हाय गड्या! वरनं मेण घासलंय. दोन उनाळं झालं, आत धुळीचा कण शिरंना. आता रबरी गावला तरी मी बदलायचा न्हाई.”

“मग त्यो म्हातारा मला गाठून दे की.”

“कुटला गावतोय? मोटा गेल्या, त्यो बी गेला असंल.”

गुंडानं डबा खाली ठेवला.

“गेला न्हाई, पावनं. तुमच्या मागं रांगंत हाय. पाइप काडा, माप घेतो.”