ड्रेसिंगला लागणारे हात

मेट्रन : ...म्हणून म्हणते, तुझ्या या भाजलेल्यांच्या वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या आहेत. धाकटी सिस्टर मला दे. बाळंतिणींच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही.

सिस्टर : मॅडम, खाटा बघू नका. ड्रेसिंग बघा. एकीनं हात उचलून धरायचा, दुसरीनं पट्टी सोडायची. एकटी काय काय करणार?

मेट्रन : मला का कळत नाही? पण माणसं आणू कुठून?

सिस्टर : काल धाकटी रजेवर होती. या शिंपीणबाईंचं ड्रेसिंग होतं न होतं तोच बेकरीतला कारागीर भाजून आला. त्याच्यापाशी दुपार टळली आणि बाईंच्या बोटांचा व्यायाम राहिला. आज धाकटी त्याच्यापाशी आहे आणि बाईंची बोटं आखडलीत. अशीच राहिली तर कात्री कशी धरणार त्या?

शिंपीणबाई : सिस्टरांना बोलू नका हो. कालपासून धड जेवल्या नाहीत. मीच म्हटलं, त्या माणसाचं आधी बघा.

मेट्रन : बोलत नाही. तुम्हाला कशानं भाजलं?

शिंपीणबाई : इस्त्रीखाली कापड पेटलं. गिऱ्हाइकाचं होतं, हातानंच विझवायला गेले.

(मेट्रन हात धुऊन गाऊन आणि हातमोजे चढवते.)

मेट्रन : मी हात धरते. तू पट्टी सोड. आधी नीट भिजू दे.

शिंपीणबाई : गाऊन फार ढगळ होतोय तुम्हाला. बरी झाले की आत घेऊन देईन.

सिस्टर : दुखलं की सांगा, थांबू.

शिंपीणबाई : आज थांबायला वेळ आहे?

सिस्टर : आज दोघी आहोत ना.

मेट्रन : झालं. आता बोटं मिटा बघू. सावकाश.

शिंपीणबाई : एवढीच जातात.

मेट्रन : एवढी तर एवढी. पुन्हा.

शिंपीणबाई : ...टेकलं. अंगठ्याला बोट टेकलं.

सिस्टर : टेकलं की हो.

मेट्रन : ऐक, धाकटी इथंच राहू दे. बाळंतिणींकडे माझ्या ऑफिसातली सिस्टर पाठवते, तिची कामं मी उरकेन. आणि वर जाऊन सांगते, इथं खाटा मोजून नाही, काम बघून माणसं द्या.

सिस्टर : ऐकतील?

मेट्रन : लगेच नाही ऐकणार. पुन्हा जाईन. तोवर ड्रेसिंगला मी येत जाईन.

शिंपीणबाई : मग उद्या जरा लवकर या. सकाळी बोटं चांगली वळतात.