खांद्यातली मुंगी

‘हुक्!’... असा आवाज आला वर्गात, आणि तुम्हाला सांगतो, तो कुणी केला ते बघायला सगळ्यांच्या आधी मीच मागे वळलो! मागे भिंत! मीच शेवटच्या बाकावर! सात वर्षांचा होतो. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, मास्तर छडी शोधतायत, आणि तेवढ्यात पुन्हा ‘हुक्!’, वर उजवा खांदा उडून कानाला भिडलेला... मास्तर म्हणाले, “मुद्दाम करतोस?” म्हटलं, मी करत नाही हो, होतं! पण ऐकतंय कोण? रोज वर्गाबाहेर. आता बाहेर उभं राहून शिक्षण ते किती होणार? चौथीतच काकांच्या सलूनमध्ये लागलो आणि पुढे वस्तरा हातात घेतला.

खांदा उडणाऱ्याच्या हातात वस्तरा! हसताय ना? हसा. पण गंमत ऐका... वस्तरा गालाला टेकला की खांदा गप्प. शहाण्या बाळासारखा! चाळीस वर्षांत कुणाला एक ओरखडा नाही. दाढी संपली, वस्तरा पुसायला घेतला, की मग साठवून ठेवलेलं सगळं एकदम... हुक्, हुक्, हुक्! जुन्या गिऱ्हाइकांना सवय. ते म्हणायचे, “झालं वाटतं आमचं!” आणि उठायचे.

मग मागच्या वर्षी आला एक नवा गृहस्थ. अर्धी दाढी झाली, मी वस्तरा पुसायला वळलो, खांदा उडाला, आणि त्याने ते आरशात बघितलं... पळाला हो! एका गालाला फेस, गळ्यात आमचा कपडा, थेट चौकापर्यंत! आणि मी मागून धावतोय, “अहो, मी करत नाही हो, होतं!” वस्तरा तसाच हातात! आता तुम्हीच सांगा, असं ओरडत वस्तरा घेऊन मागे लागलेल्या माणसासाठी तुम्ही थांबला असता का?

दुसऱ्या दिवशी पोराने वस्तरा काढून घेतला. पोरगा म्हणजे माझाच मुलगा, दुकान आता तोच बघतो. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “बाबा, तुम्ही टॉवेलच्या घड्या घाला.” चाळीस वर्षं पहिल्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस मी... आणि टॉवेलच्या घड्या!

सुनेने मग एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण पोर. तिने विचारलं, “काका, झटका यायच्या आधी काय होतं?” साठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं हो! सगळे विचारायचे, का करतोस? म्हटलं, “बाई, खांद्यात एक मुंगी चालते. ती मानेपर्यंत आली की राहवतच नाही.” हसली नाही. लिहून घेतलं! वहीत, मुंगी! मग म्हणाली, “तुम्हाला काय हवंय?” म्हटलं, “वस्तरा.” ती म्हणाली, “पूर्ण जाईल असं सांगत नाही. पण आवरता येईल.”

आणि मग शिकवणी सुरू! मुंगी चालली रे चालली की कोपर कमरेला घट्ट, खांदा खाली, तोंड बंद, नाकाने सावकाश श्वास... आणि मुंगी बसेपर्यंत सोडायचं नाही. कधी एक मिनिट, कधी दोन. कुणी दुकानात येऊन विचारायचं, “काय काका, बरे आहात ना?” आणि मी आपला कोपर दाबून, तोंड मिटून, डोळे वटारून उभा! लोकांना वाटे, म्हातारा रुसला. दोघांनी तर माझी माफी मागितली, कशाबद्दल ते त्यांनाही ठाऊक नाही!

वर गोळी. ती देणारे डॉक्टर वेगळे. एवढीशी गोळी, तीही अर्धी, पण झोप अशी की टॉवेलची घडी घालता घालता त्यातच तोंड खुपसून घोरायला लागलो. मग अर्धीची पाव केली.

घरच्यांनाही ताकीद. टोकायचं नाही, लक्ष द्यायचं नाही. आमची ही, एकेचाळीस वर्षं “पुरे आता!” म्हणत आलेली, आता माझं हुक् झालं की छताकडे बघते. चहा मागितला, तरी छताकडे! म्हटलं, “अगं, ते हुक् नव्हतं, चहा होता!” तर म्हणते, “मला काय कळणार? लक्ष द्यायचं नाही सांगितलंय ना!” पण संध्याकाळी मी श्वासाचा सराव करायला बसलो की गुपचूप शेजारी येऊन बसते, आणि तीही नाकाने सावकाश... तिला काय झालंय? काही नाही!

असे आठ महिने गेले. परवा दुपारी दुकान रिकामं. पोरगा आला, पहिल्या खुर्चीत बसला, कपडा स्वतःच बांधला, हनुवटी वर केली आणि म्हणाला, “करा.” डोळे मिटले.

मिसरूड फुटलं तेव्हा या पोराची पहिली दाढी मीच केली होती. फेस लावला, गाल झाले, वस्तरा गळ्याशी आला, आणि... मुंगी! वस्तरा कातडीला टेकलेला असताना कधी न येणारी, आज आली! पोटच्या पोराचा गळा बघून आली! वस्तरा लांब धरला. कोपर कमरेला. खांदा खाली. श्वास...

पोराने एक डोळा उघडला. “बाबा?”

तोंड बंद! बोलू कसा?

“बाबा, झोपलात का? गोळी घेतली होती ना आज?”

मनात म्हटलं, गप रे, मुंगी मानेला आलीय! पण बसली हो. खाली उतरली. तोवर फेस वाळला. पुन्हा फेस, पुन्हा वस्तरा, पुन्हा मुंगी... असं तीनदा! एक दाढी, पाऊण तास! पण ओरखडा? एक नाही.

पोरगा उठला. गळ्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग त्याने पहिल्या खुर्चीपुढच्या फळीवरचं आपलं सामान, कैच्या, कंगवे, फवाऱ्याची बाटली, सगळं उचललं आणि दुसऱ्या खुर्चीपुढे मांडलं. वस्तरा मात्र माझ्यासाठी पहिल्या खुर्चीपुढेच ठेवला.

काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी ओरडलो, “अरे, या वयात दिवसभर उभं कोण राहणार? माझ्या गुडघ्यांचा काही विचार?”

वळला नाही की थांबला नाही. दार ढकललं आणि गेला, आणि परत आला तो माझ्यासाठी एक उंच स्टूल घेऊन!