गुलाबाखालची सोनुबाई

...आणि वर तो व्हिडिओवाला मलाच सांगतो, "मावशे, गुलाब काय झकास उमललाय बघ." अरं, उमलला असंल, पर माझ्या तोंडावर कशाला? तुमाला सांगते, नवरा जाऊन नऊ वर्सं झाली, आमच्या कोंडाणे गावात एकटीनं भात लावलं, एकटीनं झोडलं, आवडीला वाढवली, तिला मोहोपाड्याच्या कारखान्यातला नवरा बघितला, आणि तिच्या लग्नाच्या व्हिडिओत, ऐन पाठवणीला, पोरगी माझ्या गळ्यात पडतीय तिथं, माझ्या जागी हा एवढा थोरला गुलाबी गुलाब! लेक माझी गुलाबाला मिठी मारून रडतीय. आता तुमीच सांगा, मी काय गुलाब हाय?

बघितलं कुटं, तर आवडीच्या सासरी, ईनबाईंच्या घरी, भर दुपारी, सगळी कॉलनी गोळा करून. ईनबाई पदर सावरून इचारतात, "आवो, पाठवणीला तुमी कुटं गेलता? आई असून दिसत नाय ती?" मी म्हटलं, गुलाबाच्या खाली हाय. हसली की समदी. आवडी तेवढी हसली नाय. ती चटईच्या काड्या उपसत खाली बघत बसली, आणि माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिशी तडक नेरळ, त्या सखा व्हिडिओवाल्याच्या दुकानात. आदी म्हणं, "मावशे, मशीन नवीन हाय, मिक्सिंगमदी व्हतं असं." मी म्हटलं, तुझ्या मशीनला नेमकं माझंच तोंड घावलं होय रं? तवा मान खाली घालून बोलला, "कोंडाजीकाकांनी सांगितलं... शुभकार्याच्या कॅसेटीत विधवा बाई नको." कोंडाजी म्हंजे माझे दीर. मांडवात मला मागं बसवलं, कन्यादान त्यांनी केलं, मी गप ऱ्हायले. चुलीपाशी दोनशे पानांची आमटी ढवळायला मी चालले, मंग चित्रात का नाय चालत? मी काय गुलाब हाय?

म्हटलं, काढ तो. तर म्हणतो, "निघत नाय मावशे. मूळ टेप पुसली, तिच्यावर कडावचं लग्न घेतलं." म्हंजे बघा, माझ्या तोंडावर आदी गुलाब, मंग अख्खी कडावची वरात. मी दुकानाच्या पायरीवर बैठकच मारली. माझं दुसरं चित्र शोध, त्या गुलाबात घाल, तवर हलत नाय. गिऱ्हाईक आलं की मीच सांगायची, "शूटिंग करा हो, पर आदी इचारून घ्या, आई दिसंल का." तिसऱ्या दिशी सखाला घावलं. जेवणावळीची कॅसेट वेगळी व्हती, तिच्यात मी, आमटीच्या टोपाशी, हातात डाव, आणि सखा क्यामेरा घेऊन पार अंगावर आला म्हणून त्याच्यावर वरडतीय. म्हटलं, हेच घाल. आवाजासकट घाल.

आता ऐका काय झालं ते. शिमग्याला मोहोपाड्यात परत समदी बसली, कोंडाजी भावजी बी पुढं खुर्चीवर. सनई वाजतीय, आवडी रडतीय, चित्रात शेजारी भावजी रुमालानं डोळे पुसतायत, गुलाब हळूहळू उमलतो, आणि आतनं मी, डाव उगारून, "सर बाजूला, मेल्या, लाज नाय वाटत?" आणि पुढच्याच चित्रात भावजी बाजूला सरतात.

मला तिथनं काढायला तीन हेलपाटे घातले त्यांनी नेरळला. सखा म्हणतो, "काका, गुलाब काढता आला असता तर मावशी पायरीवर बसली असती का?"

आवडी तेवढंच मागं नेऊन परत परत लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ही माझी आई. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पर लेकीला पोटाशी धरलेलं मला एकदा बघायचं व्हतं वो... ते पुसलं ते गेलंच. आता काय, जन्मभर तिच्या पाठवणीला मी अशीच उभी, गुलाबात, हातात आमटीचा डाव घेऊन.