स्क्रूला हात कुणी लावला?

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत होतो. समोर एका जुन्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं. बाहेर नवरा-बायको, मागच्या सीटवर त्याची आई.

“म्हणून गाडी आचके देतेय,” मेकॅनिक म्हणाला. “कार्बोरेटरचा स्क्रू कुणी फिरवला?”

“मी नाही. म्हणजे, सकाळी जरासा आवळतो. पेट्रोल कमी खाते.”

“तरीच! मी संध्याकाळी सैल करते, अन् सकाळी गाडी पुन्हा बंद!”

“तू? तुला स्क्रू कुठला ते तरी कळतं का?”

“रोज ज्याच्यावर वाकलेले असता, तोच.”

“भांडू नका. साहेब, तुमचा स्क्रूड्रायव्हर इकडे द्या. ताई, पर्समधला तुमचाही.”

“मी नाण्यानं फिरवते,” मागून आई म्हणाल्या. “तेही द्यायचं का?”